सगळ्यांना वाचता येणारी फाइल

माझी भाची परवा म्हणाली, "मावशी, तू म्हणे लोकांकडे इंटरनेट लावायला जायचीस. म्हणजे राउटर?" मी म्हटलं, नाही, राउटर नाही. फोन. घरात जो काळा फोन असायचा ना, त्याच फोनवरून. तिला ते काही झेपेना. म्हणून आधी ते समजावून सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदूरमध्ये कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचं आणि जोडणीचं काम करणाऱ्या चार-पाच फर्म होत्या, त्यातल्या एका फर्ममध्ये मी होते. इंजिनिअर म्हणून कारखान्यांत जाणारी बाई तेव्हा मी एकटीच. बड्या गणपतीजवळच्या आमच्या घरातून लूना काढायची, पिशवीत फ्लॉपीचा डबा, स्क्रू काढायला एक पेचकस आणि जेवणाचा डबा. पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या गेटवरचे चौकीदार आधी विचारायचे, "किससे मिलना है बहनजी?" मी म्हणायची, मशीनसे. हळूहळू ते मला ओळखायला लागले आणि गेट आपोआप उघडायला लागलं. त्याचा मला फार अभिमान होता. आजही आहे, थोडा.

मोठ्या ऑफिसांत आणि कारखान्यांत तेव्हा युनिक्स असायचं. एक मोठं मशीन एका खोलीत, आणि त्याला तारांनी जोडलेले सात-आठ पडदे वेगवेगळ्या टेबलांवर. स्टोअरवाला आपल्या नावाने आत शिरणार, हिशेबवाला आपल्या नावाने, डिस्पॅचवाला आपल्या नावाने. सगळे एकाच मशीनमध्ये, पण प्रत्येकाचा कप्पा वेगळा. आणि सगळे कप्पे उघडू शकणारा एक मालक, त्याला 'रूट' म्हणतात.

या मशीनला इंटरनेट हवं असेल तर मोडेम नावाचं एक खोकं फोनला जोडायचं. ते नंबर फिरवायचं, पलीकडचं मोडेम फोन उचलायचं, दोघं किंचाळल्यासारखे आवाज करत एकमेकांना ओळखायचे. मग पलीकडचं मशीन विचारायचं, तू कोण? आपल्या मशीनने नाव आणि पासवर्ड सांगायचा. बरोबर असेल तर आत, नाहीतर फोन कट.

पण मशीनला काही आठवत नसतं. त्याला उत्तर लिहून द्यावं लागे. त्यासाठी एक छोटी फाइल असायची. त्यात एक ओळ: आपलं नाव, कोणाला सांगायचं त्याचं नाव, आणि पासवर्ड. उघड्या अक्षरांत, जसाच्या तसा. म्हणून त्या फाइलवर शेवटी एक कमांड द्यायची असते, की ही फाइल फक्त रूट वाचेल, बाकी कोणी नाही. एक ओळीची कमांड. तिला दोन सेकंदही लागत नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका डॉक्टरांनी पासवर्ड मोडेमजवळ तोंड नेऊन तीनदा मोठ्याने सांगितला होता आणि मग मला म्हणाले, "वो सुन ही नहीं रहा।" एका ट्रस्टच्या ऑफिसात पासवर्डच्या अक्षरांची बेरीज शुभ यावी म्हणून पंडितजींना बोलावलं होतं, आणि मी दीड तास अंगणात बसून होते. अशा गोष्टी मी लग्नाकार्यांत पुष्कळ सांगितल्या आहेत. लोक हसतात. जी गोष्ट कधीच सांगितली नाही, ती दिघेकाकांची.

पोलोग्राउंडमध्ये पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. मालकांना सगळे बाबूजी म्हणत. अनंतराव दिघे तिथे स्टोअर सांभाळत. पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांचे आजोबा संस्थानच्या खजिन्यावर कारकून होते, आणि काका स्टोअरची किल्लीसुद्धा अशी धरत जणू ती त्याच खजिन्याची आहे. बाबूजींना बाहेरदेशाहून ऑर्डरी यायला लागल्या होत्या, ई-मेल हवा होता. शंभर तासांचं पॅकेज घेतलं, आणि पासवर्ड सांभाळायचं काम त्यांनी दिघेकाकांना दिलं. म्हणाले, "दिघेजी के पास है तो समझो तिजोरी में है।"

जोडणीचा दिवस मला नीट आठवतो. सकाळी अकराला बसले, दोन वाजले तरी पलीकडून नकारच. नंबर लागतोय, किंचाळणं होतंय, आणि पासवर्ड चुकीचा म्हणून फोन कट. कागदावरून मी तो दहा वेळा टाइप केला. शेवटी काका म्हणाले, "मॅडम, मी माझ्या टेबलावरून बघू का? एकाने वाचायचं, एकाने ताडायचं. स्टोअरमध्ये अपन असंच करतो."

त्यांच्या पडद्यावरून त्यांना ती फाइल दिसावी म्हणून मी ती सगळ्यांना वाचण्यासाठी खुली केली. काका कागद डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत गेले. सहाव्यावर थांबले. "मॅडम, हे ओ नाही. हा शून्य आहे. बघा, याचं पोट बारीक आहे."

शून्य टाकला आणि जोडणी झाली. बाबूजी स्वतः खोलीत आले, कोणीतरी जलेबी आणली, सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली. मी पण खाल्ली. आणि फाइल पुन्हा बंद करायची राहून गेली.

काकांनी पासवर्डचा कागद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला आणि तो पाठ केला. पाठ कसा केला तेही त्यांनी मला सांगितलं. घरी सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत, लहानपणी स्तोत्रं पाठ केली तसा, पुटपुटत. "आता झोपेत विचारा," म्हणाले.

त्यांना एकच मुलगी, वैशाली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. एकदा काका तिला मुद्दाम कारखान्यात घेऊन आले. "हिला तुम्हाला बघायचं होतं," म्हणाले. मुलगी बोलायला लाजत होती, पण पडद्यावरून नजर हलवत नव्हती. मी तिला दोन कमांड दाखवल्या. तिने तिसरी स्वतः अंदाजाने टाइप केली, आणि ती बरोबर निघाली. मी काकांना म्हटलं, हिला कॉम्प्युटरच्या क्लासला घाला, हिचं डोकं चालतं. राजवाड्याकडचा एक क्लास मीच सुचवला. तो रविवारीही उघडा असायचा आणि तिथे मोडेमही होतं. काकांनी तिला लगेच घातलं.

तीन महिन्यांत शंभर तास संपले. कारखान्याचा वापर रोज जेमतेम अर्ध्या तासाचा. बाबूजींनी इंटरनेट कंपनीकडून वापराची यादी मागवली, आणि त्यात रविवारचे चार-चार तास निघाले. रविवारी कारखान्याला कुलूप असे. म्हणजे कोणीतरी बाहेरून, दुसऱ्या फोनवरून, कारखान्याच्या नावाने आत शिरत होतं.

मला बोलावणं आलं. बाबूजी खुर्चीत, शेजारी काका उभे. बाबूजींचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "मैडम, पासवर्ड दो लोगों को पता था। आपको और दिघेजी को। मशीन से निकल सकता है क्या?"

आज मला वाटतं, त्या प्रश्नानंतर मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, की थांबा, बघून सांगते. मशीन शेजारच्याच खोलीत होतं. पण दोन नावांत एक माझं होतं. गेटवरच्या त्या चौकीदारांपासून फर्मच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना मी दाखवून दिलं होतं की बाईमाणूस हे काम चोख करू शकतं. मी म्हटलं, "मशीन से नहीं निकल सकता, बाबूजी। किसी के मुँह से ही निकला होगा।"

फाइल उघडी राहिली आहे हे मला तेव्हा आठवलं नाही. खरंच आठवलं नाही. पण आठवायचा प्रयत्नही मी केला नाही.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मी कोणालाच नाही सांगितलं हो, मॅडम." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मला वाटलं, सापडले. पुढे कैक वर्षांनी मला कळलं, की त्या क्षणी त्यांना गच्चीवरच्या फेऱ्या आठवल्या होत्या, आणि गच्चीच्या दाराशी पुस्तक घेऊन बसणारी मुलगी.

बाबूजींनी त्यांना काढलं नाही. पासवर्ड बदलला, तो स्वतःकडे ठेवला, आणि 'आप स्टोअर ही देखिए' एवढंच म्हणाले. ज्या माणसाने कधी एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला ते पुष्कळ होतं.

त्यानंतर चार महिन्यांनी त्या मशीनमध्ये मोठी डिस्क बसवायला मी गेले. जुनं सगळं नव्यावर उतरवताना फाइलींची यादी पडद्यावरून सरकत होती. प्रत्येक फाइलपुढे ती कोण वाचू शकतं हे लिहिलेलं असतं. ती फाइल आली, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: सगळे.

मी यादी थांबवली. मग एकेकाचा कप्पा बघत डिस्पॅचच्या कप्प्यात गेले. युनिक्समध्ये माणसाने दिलेल्या कमांडची नोंद राहते. तिथे डिस्पॅचच्या नावाने ती फाइल वाचल्याची ओळ होती, एकदा नाही, दोनदा. तिथे बसणारा ऑपरेटर दीड महिन्यापूर्वी नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला होता. त्याच्या घरी कॉम्प्युटर आहे हे साऱ्या ऑफिसला माहीत होतं. तो सगळ्यांना आपलं मोडेम किती वेगाचं आहे ते सांगायचा.

मी फाइल बंद केली. दोन सेकंद लागले. मग फर्ममध्ये परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता बंद केलीस ना? आणि पासवर्ड पण बदललाय. मग उकरून काय काढायचं, शोभा? शेजारच्या दोन कारखान्यांचं काम आपल्याला मिळतंय. बाबूजीच शिफारस करतायत. दिघेंची नोकरी तर शाबूत आहे."

मी साहेबांवर ढकलू शकते. बरीच वर्षं ढकललंही. पण ते 'नको' म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे.

त्या आठवड्यात काम पुरं करायला पुन्हा कारखान्यात गेले तेव्हा काका स्टोअरच्या दारात भेटले. उठून उभे राहिले. "चहा घेणार, मॅडम?" मी म्हटलं, घाईत आहे. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वैशालीचा क्लास कसा चाललाय?

"सोडला तिने," ते म्हणाले. "कॉलेजातही बदल करून घेतला. बी.ए. करते आता. मन नाही लागलं तिचं."

जी मुलगी तिसरी कमांड स्वतः शोधून काढते तिचं मन चार महिन्यांत कसं उडालं, हे मी विचारलं नाही. लूनाला किक मारली आणि निघाले.

पुढची पंचवीस वर्षं मी हेच काम केलं. शेकडो मशीनं जोडली, नंतर माझ्या हाताखाली मुलंमुली तयार झाल्या. त्यांना मी एक गोष्ट अगदी जाच वाटावा इतकी शिकवली, की उठण्याआधी फाइलींचे हक्क तपासा. त्यांना वाटे, मॅडम फार काटेकोर आहेत. निवृत्तीच्या समारंभात एकाने भाषणातही ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मी खाली बघत होते.

गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याचा लेहंगा सैल होत होता. कोणीतरी सांगितलं, छत्रीबागेच्या बाजूला एक बाई शिवणाचं युनिट चालवतात, हात फार सफाईचा आहे. मी गेले. दहा-बारा मशीनं, मध्ये कापडं कापायचं मोठं टेबल, आणि तिथे चष्मा लावलेली, पंचेचाळिशीची एक बाई खडूने खुणा करत होती. तिने लेहंगा बघितला, मग मला बघितलं, आणि म्हणाली, "तुम्ही लूनावाल्या मॅडम ना? मी वैशाली. दिघ्यांची."

तिने स्टूल दिलं, चहा मागवला. मी विचारलं, बाबा कसे आहेत? म्हणाली, आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात, वर राहतो आम्ही. ब्याऐंशी चालू आहे. तब्येत ठीक आहे. मग मी तोच प्रश्न विचारला जो पंचवीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. क्लास का सोडलास?

ती खडू हातात फिरवत राहिली. "सोडला नाही, मॅडम. बंद केला बाबांनी. ते गच्चीवर पुटपुटायचे तेव्हा मी ऐकलं, आणि क्लासमधून रविवारी वापरलं, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, मी नाही. ते म्हणाले, मॅडम स्वतः सांगतात की तोंडूनच निघाला. माझ्या तोंडून निघालेलं फक्त तू ऐकलंस. मग कोण?"

ती पुढे म्हणाली, "मारलं वगैरे काही नाही. खूप दिवस बोलले नाहीत. मग एक दिवस मला जवळ बसवलं आणि म्हणाले, जाऊ दे, लहान होतीस, मी तुला माफ केलं. अजून कधी कधी डोक्यावर हात ठेवतात ना, तेव्हा मला तेच आठवतं. त्यांनी मला माफ केलंय, मॅडम. तेच सहन होत नाही."

मग मी तिला सांगितलं. फाइल, डिस्पॅचचा ऑपरेटर, चार महिन्यांनी दिसलेली यादी, साहेब, सगळं. मशीनं आजूबाजूला चालू होती, त्यामुळे मला जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. ती रडली नाही, रागावलीही नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "हे मला काय सांगता? मी नाही केलं हे मला तर माहीतच होतं. बाबांना सांगा."

आणि ती जिन्याकडे निघाली. मला मागे जावं लागलं.

काका खिडकीशी पेपर वाचत बसले होते. मला लगेच ओळखलं. उठायला गेले, मी नको म्हटलं. वैशाली दाराला टेकून उभी राहिली. मी त्यांच्यासमोर बसून, स्टोअरच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगितलं. कोठीला कुलूप होतं, किल्ली तुमच्याकडे होती, पण खिडकी मीच उघडी टाकली होती. माल खिडकीतून गेला. डिस्पॅचच्या माणसाने नेला. तुमच्या तोंडून एक अक्षर गेलं नाही, आणि हिने काही केलं नाही.

त्यांनी पेपरची घडी केली. पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "मतलब, हिने नाही."

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणू शकले असते, आत्ता, हल्लीच. ते तोंडावर आलंही होतं. मी म्हटलं, "चार महिन्यांनी. डिस्क बदलायला आले होते तेव्हा."

काकांनी हिशेब केला. त्यांचं डोकं अजून तसंच आहे. "चार महिन्यांनी म्हणजे श्रावण," ते म्हणाले. "तेव्हा क्लासवाल्यांचा माणूस घरी आला होता. म्हणाला, मुलगी हुशार आहे, जागा दिवाळीपर्यंत ठेवतो. मी त्याला दारातूनच परत पाठवलं."

मी म्हटलं, काका, मला क्षमा करा. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते दाराकडे बघत होते. वैशालीने नजर खाली घातली होती आणि खडूने पांढरी झालेली बोटं पदराला पुसत होती.

"मॅडम," काका म्हणाले, अगदी पूर्वीच्याच अदबीने, "तुम्ही या आता. मला हिच्याशी बोलायचं आहे."

मी उठले. वैशाली बाजूला झाली आणि मी बाहेर पडल्यावर तिने दार लावून घेतलं. जिन्यात थोडा वेळ थांबले. आतून काही ऐकू आलं नाही, खाली फक्त शिवणाची मशीनं चालू होती. मग मी खाली उतरले. टेबलावर लेहंगा तसाच पडला होता, अर्ध्या खुणा केलेला. एका कारागीर मुलीने विचारलं, "दीदी कब आएँगी?"

मी म्हटलं, आज उनको मत बुलाना. उन्हें देर लगेगी.